उचल बेटा, एकट्याने

डोंगरात फिरवायला कोणती गाडी घेऊ, असं विचारतोस ना? मला ते पंचवटीतल्या सलीमचाचांनी शिकवलं, आणि तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

शहाण्णव साल असेल. पेठकडच्या डोंगरवाटा हिंडायच्या म्हणून मी एक जुनी, धिप्पाड साडेतीनशे सीसीची गाडी पसंत केली आणि चाचांच्या गॅरेजवर दाखवायला नेली. चाचांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. हँडल धरून गाडी सरळ जमिनीवर आडवी केली.

"अहो चाचा, लोकाची गाडी आहे!"

"उचल बेटा. एकट्याने."

तोंड लाल होईस्तोवर जोर लावला. गाडी ढिम्म हलेना.

"डोंगरात मी नाही येणार उचलायला," म्हणत त्यांनी कोपऱ्यातली रंग उडालेली, हलकी शंभर सीसीची गाडी आडवी केली. ती उचलली गेली. तोंड पाडून तीच घेतली.

पहिल्याच रविवारी, पेठच्या पुढे, चिटपाखरू नसलेल्या वाटेवर अकरा वेळा पडलो. संध्याकाळी त्याच गाडीवरून पेढे घेऊन थेट चाचांकडे.

"कशी चालली गाडी?"

"चालली कमी चाचा, उचलली जास्त."

चाचांनी पेढा तोंडात टाकला. "मग बरोबर गाडी घेतलीस."