नुसते डोळे मिटले होते

...नाही, पण मी म्हणतो, झोपलो कुठे होतो? नुसते डोळे मिटले होते! माणसाने आता डोळेही मिटायचे नाहीत का? आणि हे मला ऐकवलं जातंय कुणापुढे, तर अख्खा हिवाळा घोरत पडलेल्या अस्वलापुढे!

तुम्हाला सांगतो, मी बेकरीत कामाला. कायमची रात्रपाळी. तुम्ही पांघरुणात असता तेव्हा मी भट्टीपुढे उभा असतो, म्हणून सकाळी तुमच्या बशीत गरम पाव! मग घरी आलो की झोपतो, झोपणारच ना? पण आमची मुलगी दुसरीत आहे, तिला शाळेत चित्र काढायला सांगितलं, 'माझे बाबा'. काय काढलं असेल? पांघरूण! एक निळं पांघरूण आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय! तिच्या बाई मला म्हणतात, "रंगवलंय छाऽन हं, पण... बाबा आहेत ना?" आहेत ना म्हणे! हसू आणलं हो मी तोंडावर. पोरीला तिथल्या तिथे शब्द दिला, रविवारी प्राणिसंग्रहालय! दिवसभर तुझ्याबरोबर आणि टक्क जागा!

आता शनिवारची पाळी सुटते रविवारी सकाळी, हे शब्द देताना कुणाला आठवतंय? आलो, आंघोळ केली, कॉफी ढोसली, पोरगी, आमची ही आणि सासूबाई यांना घेऊन निघालो. जाऊन बघतो तर... सिंह झोपलेला. घुबड झोपलेलं, बरं, त्याची तरी रात्रपाळी असते. पाणघोडा झोपलाय की गेलाय तेच कळेना! प्रत्येक पिंजऱ्यापुढे आमच्या सासूबाई, "अगोबाई, हाही झोपलाय," आणि बघतायत कुणाकडे? माझ्याकडे! मी म्हटलं, मी जागा आहे. तर म्हणतात, "मी कुठे काय म्हटलं?"

शेवटी अस्वलाची गुहा. बाहेर पाटी, 'अस्वलाची हिवाळी झोप संपत आली आहे. शांतता राखा.' ही गर्दी! पोरगी म्हणाली, "बाबा, ते उठेल ना, तेव्हा आपण दोघांनी मिळून बघायचं हं." दोघांनी मिळून! बसलो बाकावर. आता मला सांगा, थंडी सरल्यावरचं ते पहिलं ऊन, ते पाठीवर, पोरीचा हात हातात, आणि वर एवढ्या माणसांनी राखलेली शांतता... झोपलो नव्हतो हो, नुसते डोळे मिटले होते!

आणि तेवढ्यात आलं म्हणे अस्वल बाहेर. म्हणे! कारण मी कुठे बघितलं? आधी नाक, मग डोकं... पोरगी मला गदागदा हलवतेय, "बाबा, उठ ना, बाबा!" मी ढिम्म. आता मला उठवायचा आमच्या घरात एकच उपाय आहे, आणि तो आमच्या हिला पाठ. पण काही वेळकाळ? समोर पाटी आहे! ही वाकली आणि माझ्या कानात केवढ्यांदा ओरडली, "अहो, पाव जळतायत!"

उडालोच मी! "ट्रे काढा! अरे, ट्रे बाहेर काढा!" ...डोळे उघडून बघतो तर सगळी गर्दी माझ्याकडे वळलेली, आणि समोर गुहेत परत शिरणाऱ्या अस्वलाचं ढुंगण. तेवढंच काय ते दर्शन! राखणदार रडवेला होऊन म्हणतो, "महिनाभर वाट बघत होतो हो आम्ही..."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मी शेजारी डोळे ताणून बसलेलो. आता कशाला जागा होतो, देव जाणे!

काल शाळेत परत चित्र, 'माझा रविवार'. बाईंनी फळ्याशेजारीच लावलंय. अस्वल गुहेच्या दारात उभं, डोळे टक्क उघडे. समोर बाकावर मी, डोळे मिटलेले, तोंड हे एवढं उघडं. बाई म्हणाल्या, "बाबा झोपलेत वाटतं?" मी म्हटलं, झोपलो नव्हतो हो, नुसते... जाऊ दे. या वेळी निदान चेहरा तरी काढलाय.