पट्ट्या बाहेरून

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक म्हातारा-म्हातारी भांडत होती. दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायची मला खोड नाही, पण कान काही नुसते डूल अडकवायला दिलेले नाहीत.

“डोलकाठी ज्या तारांनी ताणून धरलीय, त्या तारा अडकवायच्या लोखंडी पट्ट्या होडीच्या आत आहेत. गंजल्या तरी दिसत नाहीत. नव्या पट्ट्या मी बाहेरून बसवणार,” म्हातारा म्हणाला.

“म्हणजे धडधाकट होडीच्या अंगाला भोकं पाडणार. फायबरची होडी आहे ती, चाळण नव्हे!”

“बोल्ट घालून भोकं नीट बुजवीन गं.”

“इतकी वर्षं आतच होत्या ना?”

“तेव्हा बॅटरी मारून मला फटीतलं दिसायचं. बाहेर असल्या तर नुसतं बोट फिरवून गंज कळेल.”

“आणि समोरचा खडक? त्याच्यावरही बोट फिरवणार?”

“खडक बघायला तू आहेस की. नाहीतरी कटकट करतेसच, ती तिथे कर.”

“मी नाही चढायची त्या डबड्यात.”

“गेल्या खेपेलाही हेच म्हणालीस, आणि माझ्याआधी जाऊन बसलीस.”

नर्सने दोघांना आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा म्हातारीने त्याचं कोपर घट्ट धरलं होतं.

“डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले?”

“काही नाही. औषध घालत राहा म्हणाले.”

“मग पट्ट्यांचं काय?”

“बसवा हो बाहेरून.”

“भोकं पाडावी लागतील.”

“पाडा.”

“अगं, मघासारखी भांड ना माझ्याशी.”