मागची गाडी

"घाट लागण्याआधी मागची गाडी सोडायची. हे कोण म्हणालं होतं, वेंडेल?"

"मीच."

वायोमिंगमधल्या घाटाच्या पायथ्याला, पंपावरच्या कॉफीच्या रांगेत लोर्नाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाहेर त्यांचं घराएवढं मोटरहोम, मागे छोटी मोटार जोडलेली.

"गेल्या वर्षी उतारावर ब्रेकमधून धूर निघाला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते."

"थांबली ना पण?"

"थांबली, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला टाकलेल्या वाळूत रुतून. तेव्हाच शब्द दिलास."

"गाडी सोडली तर ती तुला एकटीला चालवावी लागेल, आर्लिस. तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं राहू दे. खरं काय ते सांग."

"शेजारची खुर्ची रिकामी राहील. बावीस वर्षं तू तिथून बोलत आलीयस."

"आणि तू म्हणत आलायस, गप्प बस."

"बसलीस का कधी?"

"आरशात बघ अधूनमधून. मी मागेच असेन, दिवे लावून."

कॉफी आली. वेंडेलने आपला पेला लोर्नाच्या बाजूला सारून ठेवला, "जरा लक्ष ठेवा हं," म्हणाला आणि हातमोजे चढवत मागच्या गाडीच्या जोडाची खीळ काढायला बाहेर गेला.