लोखंडावरचा नंबर

गाड्या नावावर करून देणाऱ्या कचेरीत निवृत्त मास्तर तिसऱ्यांदा त्याच रांगेत उभे होते. पुढे एक मेकॅनिक आणि त्याचा मेहुणा. मेहुण्याच्या हातात एका जुन्या गाडीचे कागद होते, सही तेवढी बाकी. दुसरा उद्योग नसल्यामुळे मास्तर ऐकत राहिले.

"दाजी, रेसिंगचं अस्सल इंजिन आहे. झाकण लालभडक!"

"झाकण मीही लाल रंगवून देतो. नंबर पाहिलास?"

"पाहिला ना. कागदाशी तंतोतंत जुळतो."

"झाकणावरचा, की खाली लोखंडावर ठोकलेला?"

"लोखंडावरचा. इतका सुरेख, की चष्म्याशिवाय वाचला."

"वीस वर्षांच्या इंजिनावर?"

"जपून वापरलीय हो त्यांनी गाडी."

"अरे, जपलं म्हणून नंबर तरुण होत नाही. भोवती कारखान्याच्या बारीक रेघा होत्या?"

"छे! आरशासारखं गुळगुळीत."

"मग घासलंय. साधं इंजिन बसवून त्यावर भारी इंजिनाचा नंबर ठोकलाय."

"तुम्हाला माझं चांगलं बघवतच नाही. ताई म्हणालीच होती, यांना विचारू नकोस म्हणून. मी करतो सही."

"थांब. शेवटचा सात डावीकडे कललाय?"

"हो... पण तुम्ही तर गाडी पाहिलीच नाही."

"सातचा ठसा माझ्या हातून नेहमीच कलतो रे."

"दाजी!"

"हळू बोल."

"ताईला ठाऊक आहे?"

"आज होईल. चल घरी."