कागदावरचा स्टोअरकीपर

आमच्या कंपनीचा फास्ट बोलर सावंत आठवतोय ना? त्याच्या व्हिसावर ‘स्टोअरकीपर’ होतं, पण त्याला दुबईत आणला होता तो शुक्रवारच्या मॅचेस जिंकून द्यायला. तेव्हा बऱ्याच कंपन्या हेच करायच्या. रास अल खोरच्या गोदामात त्याचं काम मी ओढायचो, आणि मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग एका कॅचमध्ये त्याची दोन बोटं मोडली आणि वाकडीच जुळली. बोलिंग खलास.

त्याच सुमारास एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर माल तपासायला आला. सावंतशी हात मिळवताना थबकला. म्हणाला, “माझ्या आजोबांची बोटं अशीच होती. पैसे घेऊन बेसबॉल खेळणाऱ्या अगदी पहिल्या लोकांतले ते. तेव्हा ग्लव्ह्ज नव्हते, उघड्या हातांनी बॉल अडवायचे. कागदोपत्री मात्र एका दुकानात क्लार्क.”

सावंतने विचारलं, “खेळ सुटल्यावर काय केलं त्यांनी?”

“त्याच दुकानात कामाला गेले. मालकाने विचारलं, तू कोण?”



दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पोचलो, तर तो माझ्याआधी गोदामाबाहेर उभा.

“दादा, मला काम शिकवाल?”

मी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. कागदावर सहा वर्षं जुना आमचा स्टोअरकीपर त्या वाकड्या बोटांनी एकेक किल्ली चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, “यातली दाराची कुठली?”