बाही उसवलेला चेपितो

एवेलियो : आणि त्या काचेला टेकू नकोस. सकाळीच पुसलीय.

ओल्मेदो : टेकत नाही मास्तर. टेकायची परवानगीच नाही आम्हा वसुलीच्या चेपितोंना. ताठ उभं राहायचं, दुकान आणि आपण एका नजरेत दिसलो पाहिजे, आणि कर्जदार बाहेर पडला की चार पावलं अंतर ठेवून मागे चालायचं.

एवेलियो : आणि शिव्या कधी द्यायच्या?

ओल्मेदो : छे छे! शिवी नाही, धमकी नाही, हात लावणं तर नाहीच. फक्त "नमस्कार" म्हणायचं. तेही हसून.

एवेलियो : केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

ओल्मेदो : मी नवीन आहे हो. आधी एका अंत्यविधीवाल्याकडे शवपेट्या उचलायचो. या वसुली कंपनीच्या साहेबांनी मला तिथेच पाहिलं. म्हणाले, याला शिकवायला नको, चेहरा तयारच आहे.

एवेलियो : चेहऱ्याचं राहू दे. उजवा हात वर कर.

ओल्मेदो : का?

एवेलियो : कर म्हटलं ना. हं. काखेत वीतभर उसवलाय, अस्तर बाहेर लोंबतंय. हा कोट तुझ्या मापाचा नाही.

ओल्मेदो : माझ्या आधी सालोमोन म्हणून एक जण घालायचा. उंच, शिडशिडीत. तो काम सोडून गेला, कोट माझ्या गळ्यात पडला. टोपीत तर वर्तमानपत्र कोंबलंय. नाहीतर सरळ नाकावर येते.

एवेलियो : आत ये.

ओल्मेदो : आत यायची परवानगी नाही.

एवेलियो : अरे, पाऊस भुरभुरतोय, भिजशील. आणि मला बघवत नाही. माझी अब्रू घालवायची तर खुशाल घालव, पण फाटक्या कोटात? शिंप्याच्या दारात उसवलेला माणूस! आण इकडे.

ओल्मेदो : साडेतीनला साहेबांची गाडी फेरी मारते. तेव्हा मी बाहेर हवा, कोटासकट.

एवेलियो : आत्ता तीन वाजतायत. वीस मिनिटांचं काम. बस त्या स्टुलावर. किटलीत गुळाचं पाणी आहे, गरम आहे अजून, ओतून घे.

(ओल्मेदो टोपी काढून मांडीवर ठेवतो, कोट उतरवून देतो.)

ओल्मेदो : देव भलं करो तुमचं. मास्तर, एक विचारू? चिठ्ठीवर आम्हाला फक्त नाव नि आकडा मिळतो. कर्ज कसलं आहे हे?

एवेलियो : कापडाचं. बाजारातल्या एका कापडवाल्याकडून काळं लोकरी कापड उचललं, उधारीवर. बारा कोटांचं.

ओल्मेदो : बारा काळे कोट? एवढे कुणाला लागतात?

एवेलियो : ही शिवण बघ. बाही खांद्याला जोडतात ना, तिथली. दुहेरी टीप आहे. सगळ्या बोगोत्यात इथे दुहेरी टीप कोण मारतं, सांग.

ओल्मेदो : कोण?

एवेलियो : मी.

ओल्मेदो : म्हणजे... आमचे कोट तुम्ही शिवलेत?

एवेलियो : बाराच्या बारा. तुझ्या कंपनीने चारांचे पैसे दिले. आठांचे पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. त्या पुढच्या महिन्याला आता दोन वर्षं झाली. कापडवाला तरी किती थांबणार? त्याने माझं कर्ज वसुलीला दिलं. कुणाला दिलं असेल?

ओल्मेदो : नका सांगू.

एवेलियो : तुझ्याच कंपनीला.

ओल्मेदो : मग जाऊन सांगा ना त्यांना!

एवेलियो : तीनदा जाऊन आलो. बाकावर बसवतात, कॉफी देतात. एक बाई आहे, साखर पेरून बोलते. म्हणते, मास्तर, येणी या टेबलावर, देणी त्या टेबलावर. आणि त्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर आहेत.

ओल्मेदो : तिन्ही वेळा?

एवेलियो : त्या टेबलाला गृहस्थ आहेत की नुसतंच टेबल आहे, मला आता शंकाच येते. मी गरीब, माझ्या दारात तू येऊन उभा राहतोस. त्यांच्या दारात उभा करायला मी कुणाला आणू?

ओल्मेदो : मास्तर... तुम्ही आता हा कोट ठेवून तर घेणार नाही ना?

एवेलियो : आलं होतं मनात. तू उतरवलास तेव्हाच.

ओल्मेदो : माझ्या पगारातून कापतील हो. सहा-सात महिने.

एवेलियो : ठाऊक आहे. म्हणून तर शिवतोय. पण तूही एक समजून घे. समोरची नन्सची शाळा चारला सुटते. चर्चमध्ये पोरांचा पहिल्या कम्युनियनचा विधी आहे, त्याच्या सुटांची मापं द्यायला आज आया येणार. वर्षभर मी विजारीच आखूड करतो, पोट भरतं ते या एका हंगामावर. आगाऊ पैसे हातात पडले तर कापड आणणार, कारण उधार आता कुणी देत नाही. तू दारात दिसलास की एक बाई पायरी चढणार नाही.

ओल्मेदो : मी पाठ करून उभा राहिलो तर?

एवेलियो : शेंबडं पोरसुद्धा ओळखतं रे. लांब काळा कोट, उंच टोपी, म्हणजे चेपितो आला. आणि चेपितो ज्याच्या दारात, तो बुडवा. यंदाचा हंगाम गेला तर मी दुकानाला कुलूप लावणार, दुसरं काय?

कुस्तोदिया : एवेलियो! आहेस का रे? काय हा पाऊस, मेला धड पडतही नाही! हे घे फाबियानचं माप. पोरगं तापलंय, म्हणून सुतळीला गाठी मारून आणलंय. पहिली गाठ खांद्याची, दुसरी हाताची, तिसरी... तिसरी कसली होती बाई?

एवेलियो : या, कुस्तोदियाबाई. कमरेची असेल.

कुस्तोदिया : कमरेचीच. नातवाला माझ्या कंबर नाहीच म्हणा, आजोबांवर गेलाय. गिऱ्हाईक आहे वाटतं? बसा हो, उठू नका. काय शिवायला टाकलंय?

ओल्मेदो : बाही. बाही उसवली होती, तेवढी नीट करून घेतोय.

कुस्तोदिया : एवढ्यासाठी शिंपी? बायकोला टाका घालता येत नाही?

ओल्मेदो : येतो. पण बाळंतीण आहे.

कुस्तोदिया : अगंबाई! काय झालं?

ओल्मेदो : मुलगी. बारा दिवसांची आहे.

कुस्तोदिया : सुखी राहो. मग एवढं घाबरायला काय झालं? आणि ती टोपी कवटाळून का बसलायत, कुणी पळवतंय? बघू. अस्सं.

एवेलियो : बाई, ऐका तरी...

कुस्तोदिया : तू गप रे. एकोणीस दिवस बघितलीय मी ही टोपी, आमच्या बेकरीच्या दारात.

ओल्मेदो : मी नव्हतो बाई. मी जानेवारीत लागलो.

कुस्तोदिया : माहीत आहे. तो उंच होता. माणूस वाईट नव्हता हं. रोज टोपी काढून मला नमस्कार करायचा. एकदा पावसात कुडकुडत होता, तर मीच त्याला गरम पाव नेऊन दिला. आमच्या लिसान्द्रोंनी पिठाचे पैसे थकवले होते, खोटं कशाला बोलू? पण बुडवणार नव्हते. पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणारा माणूस. तो दारात उभा राहायला लागला नि हे गल्ल्यावर बसेनासे झाले. मग खाली उतरेनात. मग रविवारची प्रार्थनासुद्धा सोडली. मी गरम चॉकलेटचा पेला घेऊन वर जायचे, आत चीज टाकून, त्यांना आवडायचं तसं, तर हे आपले पडद्याआडून रस्त्याकडे बघत बसलेले. चॉकलेट तसंच गार व्हायचं. सहा महिन्यांत गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. मला अजून राग येतो, पण काढू कुणावर? त्या उंच माणसावर? तो बिचारा पोटासाठी उभा होता.

ओल्मेदो : पण मास्तर, हे कोट तर तुम्ही...

एवेलियो : गुळाचं पाणी पी आणि तोंड मीट. हातात सुई आहे माझ्या.

कुस्तोदिया : काय म्हणत होता?

एवेलियो : काही नाही. कोट जुना झालाय म्हणत होता.

कुस्तोदिया : आणि आज कुणाच्या मागे लागलाय हा? तुझ्या?

एवेलियो : हो.

कुस्तोदिया : आज? मापाच्या दिवशी?

ओल्मेदो : दिवस साहेब ठरवतात बाई. कर्जदाराकडे जास्तीत जास्त माणसं येणार असतील तो दिवस धरायचा.

कुस्तोदिया : हुशार आहेत मेले. आमच्या दारातही तुमच्या साहेबांची गाडी फेरी मारायची, आज कधी येते ती?

ओल्मेदो : साडेतीनला. म्हणजे आलीच.

एवेलियो : घे. झाला कोट. घाल आणि उभा राहा जाऊन. तुझाही इलाज नाही.

कुस्तोदिया : थांब जरा. कर्जदार बाहेर गेला तर तू मागे जातोस. आणि त्याच्या घरचं माणूस गेलं तर?

ओल्मेदो : तरी चालतं. कर्जदार किंवा घरचं कुणीही, असं चिठ्ठीवर छापलंय.

कुस्तोदिया : मग झालं तर. मी याची थोरली बहीण.

एवेलियो : बाई, काहीतरीच काय!

कुस्तोदिया : तुझ्याशी तोंडावळा जुळत नाही, हे देवाचे उपकार, पण त्या गाडीतल्याला काय कळतंय? चल रे बाबा. आधी बाजारात जाऊ, मला बटाटे घ्यायचेत. मग चर्च. मग माझ्या नणंदेकडे, ती टेकडीवर राहते, तुझा दम निघेल. सहा आरामात वाजतील.

एवेलियो : अख्खा मोहल्ला बघेल. म्हणतील, कुस्तोदियाबाई पुन्हा बुडाल्या.

कुस्तोदिया : म्हणू देत. नवरा गेला, बेकरी गेली. माझ्याकडून कुणाला काही विकत घ्यायचं नाही आता. तुझ्याकडून घ्यायचंय.

एवेलियो : हा उद्या परत येईल.

कुस्तोदिया : उद्या आया येणार नाहीत. आज कापडापुरते पैसे गोळा कर, उद्याचं उद्या बघू.

ओल्मेदो : बाई, मला नाही जमणार. तुमच्या मागे चालायची लाज वाटेल.

कुस्तोदिया : वाटू दे थोडी. मरत नाहीस. कोट घाल.

ओल्मेदो : अरे! हात पार वर जातोय की. आवळतही नाही.

एवेलियो : खांद्याला सैल सोडलाय. बाई, एक मिनिट. हे ऐकून मग जा. ऐकल्यावर कदाचित जाणार नाही, तर नका जाऊ.

कुस्तोदिया : लवकर बोल, गाडी येईल.

एवेलियो : तुमच्या दारात जो उभा होता, त्याच्या अंगावर हाच कोट होता. आणि हा मी शिवलाय. असे बारा शिवले. कशासाठी लागणार ते ठाऊक असून शिवले. कंपनीच्या माणसाने पहिला अंगात घातला तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. मग एक दिवस तुमच्या दारात दिसला. त्यानंतर मी त्या रस्त्याने यायचंच सोडलं. पावसुद्धा दुसरीकडून घ्यायचो.

कुस्तोदिया : ठाऊक आहे.

एवेलियो : काय, पावाचं?

कुस्तोदिया : सगळंच. पहिल्याच दिवशी आमच्या यांनी वरून पाहिलं नि मला हाक मारली. म्हणाले, कुस्तोदिया, इकडे ये, खांदा बघ कसा बसलाय, हे आपल्या एवेलियोचं काम.

एवेलियो : त्यांनी ओळखलं होतं? मग मला एका शब्दानेही का नाही बोलले?

कुस्तोदिया : मी निघाले होते तुला जाब विचारायला, पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. यांनीच अडवलं. म्हणाले, नको जाऊस, त्याला लाज वाटेल.