मे महिन्यातली थंडी

मे महिन्यात, मंगळवारी, दुपारी दोन वाजता आमाले मुलगी झाली. अडीच वाजता आम्ही तिले घेऊन रायपूरले निघालो. सव्वातीनले पोचलो. बुधवारी सकाळी ती गेली.

झालं ते एवढंच. बाकी सगळं त्याच्या मागचं अन् पुढचं आहे, ते सांगतो, पण हळू सांगीन. तुम्ही लिहून घेऊन राहिले म्हणून नाही, मले हळूच सांगता येते.

आमचं मूळ गाव आर्वीकडलं, वर्धा जिल्हा. बाबा विशीत भिलाईले आले अन् प्लांटमध्ये लागले, स्टील मेल्टिंग शॉपमध्ये. त्यायचं काम लॅडलचं. लॅडल म्हणजे बादलीच समजा, पण घराएवढी, तिच्यात वितळलेलं स्टील ओततात. थंड बादलीत ओतलं तं स्टील तळाशी गोठते, म्हणून ती आधी बर्नर लावून तासन् तास तापवा लागते. बाबायनं तीस वर्षं तेच केलं, रिकामी बादली तापवली. शाळेत पोट्टे सांगायचे, माझे बाबा क्रेन चालवतात, माझे बाबा कंट्रोल रूममध्ये असतात, अन् मी काय सांगू, माझे बाबा बादली गरम करतात. मी गप्पच राहायचो. गप्प राहायची सवय तिथूनच लागली असन.

मी प्लांटमध्ये गेलो नाही. एका शाळेची लायब्ररी सांभाळतो. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत, आमचा सुधीर कागदात गेला. आई मी कॉलेजात असतानाच वारली. बाबा रिटायर झाले तसं सेक्टरचं क्वार्टर सुटलं, आम्ही भिलाईतच हुडको कॉलनीत घर घेतलं, अन् मंग माझं लग्न झालं. स्वाती नागपूरची, तिचे वडील रेल्वेत. घरात तिघं, तिघांची तीन तऱ्हेची मराठी अन् त्याच्यात अर्धी हिंदी, पण चांगलं चाललं होतं.

त्या मंगळवारी स्वातीचं पोट सकाळपासून दुखून राहिलं होतं. आठवा महिना नुकता लागला होता. तिले दुर्गले मोहन नगरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं, ऑपरेशन करून पोरगी काढली. एवढीशी होती, पण रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास जोरात चालून राहिला आहे, हिले मशीनची गरज लागन, रायपूरले न्या, मी तिथून गाडी बोलावते, तासभर लागन, तोवर इथं उबेत ठेवतो. त्यायनं बरोबर सांगितलं होतं, हे मले आज समजते. बाबा म्हणे, तासभर? आमची गाडी दारात उभी आहे, तासाभरात तं आम्ही पोचून जाऊ. अन् मीही म्हटलं, हो, निघू. बाईयनं दोनदा थांबा म्हटलं, आम्ही कागदावर सही केली अन् निघालो. स्वाती ऑपरेशनच्या गुंगीत होती. तिनं पोरगी पाहिलीसुद्धा नाही.

आता काय सांगू तुमाले, आमच्याकडचा मे तुमाले माहीत आहे. दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून निघत नाही. आमाले लहानपणापासून एकच भीती, लू लागन. कांदा खिशात, गमछा डोक्याले, पाणी पिऊनच बाहेर. नागपूरहून आलेल्या सासूबाईनं पोरीच्या कपड्यात कांदा बांधून देला. पोरगी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली, माझ्या मांडीवर. गाडी उन्हात उभी राहून तव्यासारखी झालेली. मी म्हटलं, बाबा, एसी फुल करा, लेकराले उन्हाळा लागून राहिला. बाबायनं नॉब फिरवला. खिडकीले मी ओली ओढणी लावली. गार वारा सरळ तिच्यावर येऊन राहिला होता, अन् मले बरं वाटून राहिलं होतं. भिलाईतल्या पॉवर हाऊस चौकापासून ती शांत झाली. मी म्हटलं, बाबा, झोपली, आराम पडला तिले.

रायपूरले डॉक्टरनं लुगडं बाजूले केलं, तिच्या तळपायाले हात लावला अन् सिस्टरले म्हटलं, बच्चा ठंडा है. बाहेर डांबर पातळ झालं होतं, माझा सदरा पाठीले चिकटलेला, अन् तो माणूस म्हणते, ठंडा है. मले त्याचा अर्थच लागला नाही. त्यायनं रात्रभर सगळं केलं. कोणी आमाले दोषाचा एक शब्द बोललं नाही. सकाळी ती गेली.

शिवनाथ नदीच्या काठी तिले मातीत ठेवून आलो, अन् मंग मी जे करत आलो तेच केलं, पुस्तक शोधलं. एका नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत माझा मित्र आहे, त्याच्याकडून नवजात बाळांचं एक जाडं पुस्तक आणलं अन् शाळेत, कपाटांच्या मागं बसून वाचलं. त्यात लिहिलं होतं की कमी दिवसाच्या बाळाले स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, आपल्याले बरा वाटते तो गारवा त्याले हिवाळा असते, अन् गार पडलं की त्याचा श्वास, साखर, सगळंच खाली येते. ते पान मी तीन दिवस रोज वाचलं. चौथ्या दिवशी पुस्तक परत केलं. घरी कोणाले सांगितलं नाही. स्वातीले नाही, बाबाले नाही. जेवताना बाबा म्हणत, नशीब, दुसरं काय, अन् मी हो म्हणत होतो.

दोन वर्षांनी स्वातीले परत दिवस गेले. यावेळेस मी हुडकोतल्याच डॉक्टरसाहेबाले पाचव्या महिन्यातच भेटून आलो, म्हटलं, साहेब, वेळ आली तं आम्ही आमच्या गाडीनं नेणार नाही, लहान लेकरांची ती मशीनवाली गाडी बोलवा, कितीही वेळ लागू द्या. ते म्हणाले, आधी वेळ येऊ तं द्या. वेळ आली. चैत्रात, त्यायच्याच दवाखान्यात, साडेसात महिन्यांचा पोरगा झाला, तेराशे ग्रॅम. श्वास घेताना त्याची छाती आत जाऊन राहिली होती. डॉक्टरसाहेबानं त्याले हीटरखाली ठेवलं, ऑक्सिजन लावला अन् रायपूरले फोन केला. तासाभरात गाडी आली. एक डॉक्टर, ते कमी बोलायचे, अन् निर्मला सिस्टर.

सिस्टर राजनांदगावकडची, छत्तीसगढी, ठेंगणी, कंबरेले पर्स बांधलेली, अन् आल्या आल्या कोणाले नमस्कार नाही, सरळ लेकराजवळ. टाचेतून थेंब काढून साखर पाहिली. नाकात नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, बुडबुडे येऊन राहिले, त्या दाबानं म्हणे छाती उघडी राहते. नाळेत सलाईनची बारीक नळी लावली. काखेत थर्मामीटर. लिहिलं. परत पाहिलं. बाहेर ड्रायव्हर गाडीची दारं लावून आतली लेकराले ठेवायची काचेची पेटी तापवत होता.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. बाबा व्हरांड्यात इकडून तिकडं, इकडून तिकडं. मंग आत शिरलेच. मॅडम, आप बच्चे को लेने आए हो कि देखने आए हो? सिस्टरनं मान वर केली नाही. म्हणे, बबा, हडबडी झन करव, लइका ल पहिली तियार करन दव. म्हणजे घाई नका करू, लेकराले आधी तयार होऊ द्या. बाबा अजून भडकले. तयार काय करते, लग्नाले न्यायचं आहे का त्याले? मंग माझ्याकडं वळले, सुधीर, तू कावून उभा आहे मुक्यासारखा? उचल त्याले, आपली गाडी आहे, मागं पाऊण तासात पोचलो होतो का नाही?

काय सांगू तुमाले, तेव्हा जे तोंडातून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, हो बाबा, पाऊण तासात पोचलो होतो. अन् ती गार पडली होती. एसी मी लावाले सांगितला होता. ती झोपली नव्हती, गार पडून राहिली होती. मी पुस्तकात वाचलं, दोन वर्षं झाली वाचून. यावेळेस मी उचलणार नाही.

मधल्या पडद्याच्या पलीकडं स्वाती होती, जागी. ते मी विसरलोच होतो.

बाबा स्टुलावर बसले. मंग म्हणे, सांगितलं तू, पण नॉब तं मी फिरवला. तीस वर्षं ठंडी लॅडल घेतली नाही मी, शिफ्ट इंचार्ज बोंबलला तरी घेतली नाही, अन् तिच्या वेळेस मले एवढं समजलं नाही. अन् उठले. मले वाटलं बाहेर जातील. ते सिस्टरजवळ गेले अन् म्हणे, मॅडम, पेटी कितने डिग्री पे है? सिस्टरनं आकडा सांगितला. बाबा म्हणे, अंदर हाथ लगाके देखा? सिस्टर पहिल्यांदा हसली. म्हणे, जाव बबा, तुमन देख आव. बाबा गेले, हात धुऊन, पेटीच्या आत हात घालून पाहून आले अन् म्हणे, गरम आहे, पण अजून पाच मिनिटं राहू द्या. मंग काय झालं माहीत आहे का, माझे सासरे नागपूरहून फोनवर विचारत होते, अजून निघाले नाही? अन् बाबा त्यायच्यावर ओरडत होते, थांबा हो, अशी घाई करत असतात का?

मी सिस्टरले विचारलं. हिंदीत विचारलं, आमची पहिली पोरगी गेली ती एसीमुळंच का? मले वाटलं ती म्हणन, नाही भैया, तसं काही नाही, सगळे तसंच म्हणतात. ती म्हणाली, ठंड से नुकसान होता है. लेकिन उसी से गई कि नहीं, मैं वहाँ नहीं थी, मैं नहीं बता सकती. त्या बाईचे माझ्यावर खूप उपकार आहेत, पण हा एक मी वेगळा मोजतो. तिनं मले खोटं सांगितलं नाही.

एक तास दहा मिनिटांनी पेटी आत आणून पोरगा तिच्यात ठेवला. मी दाराकडं निघालो, तं सिस्टर म्हणे, रुको, माँ ने देखा? डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. सिस्टर म्हणे, दो मिनट सर, माँ के हाथ लगे बिना मैं नहीं ले जाती. पडदा सरकवला, पेटी स्वातीच्या खाटेले लावली, बाजूचं गोल झाकण उघडलं अन् स्वातीचा हात धरून आत नेला. स्वातीनं एक बोट त्याच्या पावलाले लावलं. म्हणाली, गरम आहे. एवढंच म्हणाली, दोनदा म्हणाली. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो, बाबा दाराकडं.

बाबा स्वातीजवळ राहिले, मी गाडीत समोर बसलो. एसी बंद, काचा बंद. सुपेला गेलं, पॉवर हाऊस गेलं, गाडी चाळीसच्या वर नाही. भाजीचे टेम्पो आमाले ओलांडून जात होते. मी ड्रायव्हरकडं पाहिलं असन, कारण तो म्हणे, भैया, पीछे नली लगी है, उछलेगा तो निकल जाएगी. कुम्हारीजवळ मी मागच्या काचेतून पाहिलं. सिस्टरच्या हनुवटीवरून घाम टपटप गळून राहिला होता अन् ती बाहीनं पुसत एक हात पेटीच्या आत ठेवून बसली होती.

रायपूरले काखेतलं थर्मामीटर पाहून तिथल्या डॉक्टरनं म्हटलं, टेम्परेचर ठीक है.

पस्तीस दिवस पोरगा तिथं होता. तिसऱ्या दिवशी स्वातीचा फोन आला. म्हणाली, मी त्या दिवशी ऐकलं. मंग म्हणाली, मले वाटत होतं, मी कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरलं, म्हणून ती लवकर झाली. दोन वर्षं मले तेच वाटत होतं. मंग तिनं विचारलं, आज दूध किती घेतलं त्यानं? मी म्हटलं, चार एमएल. ती म्हणाली, काल तीन होतं.

सुट्टी झाली त्या दिवशी पेढे घेऊन सिस्टरले भेटाले गेलो. तिनं ओळखलं नाही. किती लेकरं नेत असन ती. म्हणे, कितने का था? मी म्हटलं, तेराशे ग्रॅम. म्हणे, हाँ हाँ, वो चिल्लाने वाले बबा! बाबा मागंच उभे होते. त्यायनं हात जोडले. सिस्टरनं त्यायचे हात खाली केले अन् पेढा तोंडात टाकून निघून गेली, तिले कुठून तरी बोलावणं आलं होतं. नंतर कळलं, ती जगदलपूरकडं गेली. जिथं असन तिथं तिचं भलं होवो. तिचे लेकरं सुखात राहो. दुसरं माझ्याजवळ देण्यासारखं काही नाही.

बाबा आता मोहल्ल्यात कोणाकडं लेकरू झालं की जाऊन त्याचे पाय पाहतात. बाया हसतात. बाबा म्हणतात, हसा, पण टोपी घाला.

शिवनाथले दर पावसाळ्यात पूर येते. काठाची माती सरकते. पोरीची जागा आता मले दाखवता येत नाही. पोरगा चार वर्षांचा आहे. त्याले चष्मा आहे, थंडीत त्याची छाती वाजते, तो शाळेत जाते.